संघाने स्टार खेळाडूवर पाणी का सोडले? बेसबॉलमधला नकार असा तपासावा

जुलै संपत आला की अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ येते. मोठे नाव बाजारात असते, आपला संघ गप्प बसतो आणि चाहते मालकाला कंजूष ठरवून मोकळे होतात. कधी ते खरेही असते, पण आधी एवढे तपासा.

१. करार किती उरला आहे ते पाहा. सहा वर्षांची सेवा भरली आणि करार संपला की खेळाडू हवा तिथे जायला मोकळा. करार याच हंगामापुरता असेल तर हाती येतात दोन महिने आणि जमलेच तर ऑक्टोबरची बाद फेरी. शिवाय मध्येच आणलेला असा खेळाडू हंगामानंतर निघून गेला, तर भरपाई म्हणून ड्राफ्टमधली, म्हणजे नवे तरुण खेळाडू संघांना वाटून देण्याच्या वार्षिक फेरीतली, निवडही मिळत नाही.

२. बदल्यात कोण जाणार, ती नावे लिहून काढा. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आयपीएलच्या लिलावात पैसे मोजले की काम झाले. इथे किंमत बहुतेक वेळा तरुण खेळाडूंच्या रूपात मोजावी लागते. ऑगस्ट 2022 मध्ये सॅन दिएगो पाद्रेसने वॉशिंग्टन नॅशनल्सकडून हुआन सोतो आणि जॉश बेल घेतले आणि सहा जण दिले. सोतोवर अजून दोन हंगामांहून जास्त हक्क होता, तरी डिसेंबर 2023 मध्ये पाद्रेसने त्याला यांकीजला देऊन टाकले. दिलेल्या सहांपैकी सी. जे. अब्राम्स 2024 मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वूड 2025 मध्ये. अशा पोरांना सुरुवातीची वर्षे लीगच्या किमान पगाराच्या आसपास ठेवता येते, म्हणून संघ त्यांना सहजासहजी हातचे जाऊ देत नाहीत.

जुना दाखला डेट्रॉइट टायगर्सचा. 1987 मध्ये त्यांनी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डॉइल अलेक्झांडर आणला. तो नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही, संघाने विभागही जिंकला. बदल्यात अटलांटाला गेलेला 20 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ 2015 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, पोचला. टायगर्स चुकले असे मी तरी म्हणणार नाही, ते जिंकायलाच उतरले होते. पण एवढी किंमत मोजायला कुणी नाही म्हटले, तर त्याला भित्रा म्हणणेही अन्याय आहे.

३. पगार आणि कर. 2025 मध्ये संघाच्या एकूण पगाराची मर्यादा 24 कोटी 10 लाख डॉलर होती. ती ओलांडली तर वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी 20, सलग दुसऱ्या वर्षी 30 आणि तिसऱ्या वर्षापासून 50 टक्के कर. काठावरच्या संघाला स्टारचा पगार त्यामुळे दीडपटही पडू शकतो.

४. खेळाडूची संमती. दहा वर्षे लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू बदली नाकारू शकतो. मग संघाला दोष देण्यात अर्थ नाही.

५. शेवटी गुणतक्ता उघडा. 2016 मध्ये शिकागो कब्जने आरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेससारखा हिरा दिला आणि 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकली. तो संघ आधीपासूनच जबरदस्त होता, म्हणून ते शोभले. 2023 मध्ये लॉस एंजेलिस एंजल्स शर्यतीत कसेबसे टिकून होते. त्यांनी दोन तरुण खेळाडू देऊन लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ घेतले. ऑगस्टमध्ये 27 पैकी 19 सामने हरले आणि महिनाअखेर दोघांनाही वेव्हर्सवर टाकून, म्हणजे इतर संघांना उचलायला मोकळे ठेवून, फुकट सोडून दिले.