माथेरानचा कल कुठे? केंद्रनिहाय मतदान वाचण्याची रीत

माथेरान कर्जत विधानसभा मतदारसंघात येतं आणि कर्जत मावळ लोकसभा मतदारसंघात. कर्जतला कोण निवडून आलं यावरून माथेरानचा कल सांगणं ही सर्रास होणारी चूक आहे. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती ४,३९३. कर्जत-खालापूरच्या लाखो मतदारांत एवढी मतं सहज बुडून जातात. मावळचा पसारा तर घाट चढून पिंपरी-चिंचवडपर्यंत जातो. त्यामुळे गाव वाचायचं तर केंद्रनिहाय आकडेच हातात घ्यावे लागतात.

ते मिळतात ‘फॉर्म २०’ मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभेचा आणि लोकसभेचा फॉर्म २० वेगवेगळा असतो. लोकसभेच्या फॉर्ममधला फक्त कर्जत विभाग घ्या. या तक्त्यात बहुधा केंद्राचा क्रमांकच असतो, गावाचं नाव नसतं. म्हणून त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवा, माथेरानचे क्रमांक शोधा आणि तेवढ्याच ओळी उतरवून घ्या. जुनी यादी वापरू नका. मतदार वाढले की केंद्र फुटतं, मग पुढचे सगळे क्रमांक सरकतात, आणि माथेरान समजून भलत्याच गावाचे आकडे मांडले जातात. खात्री करायची सोपी खूण म्हणजे मतदारसंख्या: मतदारयादीच्या त्या भागातले मतदार आणि केंद्रावर पडलेली मतं यांचा मेळ बसला पाहिजे. डोंगरउतारावरच्या वाड्या खालच्या ग्रामपंचायतींत येतात. त्यांची केंद्रं गावाच्या बेरजेत धरू नका.

टपाली मतं संपूर्ण मतदारसंघाची एकत्र मोजतात, ती गावाला वाटून देऊ नका. ‘नोटा’ धरायचा की वगळायचा हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. समजा, एका केंद्रावर ८२० मतदार आहेत आणि ५७४ मतं पडली, म्हणजे मतदान ७० टक्के. पहिल्याला २९०, दुसऱ्याला २५६, बाकीच्यांना २० आणि नोटाला ८. नोटा वगळला तर पहिल्याचा वाटा ५६६ पैकी २९०, म्हणजे ५१.२ टक्के, नोटा धरला तर ५०.५. आघाडी ३४ मतांची आहे, म्हणजे १७ जणांनी मत फिरवलं की बरोबरी. दोन मोठी कुटुंबं पुरेशी आहेत. एवढ्या लहान गावात दोन-तीन टक्क्यांच्या फरकाला लाट म्हणू नये.

नगरपरिषदेचा हिशेब निराळा आहे. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडून. प्रभागात दोन जागा असतील तर एकच मतदार दोन सदस्यांना आणि थेट नगराध्यक्षाला अशी तीन मतं देतो. ‘अ’ आणि ‘ब’ जागांच्या मतांची बेरीज करून पक्षाचा टक्का काढला की मतदार दुप्पट मोजले जातात. गावाचा एकूण कल पाहायला नगराध्यक्षपदाचं मत सर्वांत उपयोगी: सगळं गाव, एक मत, एकच यादी. नगरसेवकाच्या मतात नातं, आळी आणि कामाला धावून येणं जास्त असतं.

पक्षाचं नाव तर त्याहून फसवं. मे २०२१ मध्ये माथेरानच्या शिवसेनेच्या १० नगरसेवकांनी भाजपमध्ये प्रवेश केला. म्हणून त्यांचे मतदार त्या दिवशी भाजपचे झाले नाहीत. पुढे २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. कर्जतचे महेंद्र थोरवे २०१९ ला एकत्रित शिवसेनेचे, २०२४ ला शिंदे गटाचे, आणि तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर अपक्ष सुधाकर घारे होते. तक्त्यात पक्षाचा एकच रकाना पुरत नाही. उमेदवार, चिन्ह आणि त्या वेळची युती असे तीन रकाने करा.

आता कारणांकडे. माथेरानात मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तिथून पुढे घोडे, हातरिक्षा, हमाल, मिनी ट्रेन, आणि डिसेंबर २०२२ च्या प्रायोगिक सुरुवातीपासून ई-रिक्षा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ई-रिक्षा आणि रस्त्यांवरचे पेव्हर ब्लॉक हे इथे थेट पोटाचे प्रश्न आहेत, आणि अश्वपालाचं हित हातरिक्षावाल्याच्या हितापासून वेगळं आहे. २००३ पासून गाव पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रात असल्याने बांधकामाचा प्रश्नही तसाच. प्रचारातली आश्वासनं या मुद्द्यांनुसार टिपून ठेवा. पण एका केंद्रावरून ‘घोडेवाल्यांनी अमक्याला मत दिलं’ असं लिहू नका. केंद्रावर सगळे मिसळलेले असतात, आकडा ते सांगतच नाही, आणि चार-पाचशे मतांच्या वस्तीत असा शिक्का माणसांना वर्षानुवर्षं त्रास देतो.

टक्केवारी ताडताना तारीखही पाहा. लोकसभेचं मतदान २९ एप्रिल २०१९ आणि १३ मे २०२४ ला झालं, दोन्ही ऐन हंगामात. त्या दिवसांत हॉटेलातला माणूस आणि घोडेवाला दिवसभर कामावर असतो. विधानसभेचं २१ ऑक्टोबर २०१९ आणि २० नोव्हेंबर २०२४ ला. म्हणून लोकसभेची तुलना लोकसभेशीच करा, विधानसभेची विधानसभेशी. दोन्ही एकाच आलेखात घातले, तर दिसणारा चढ-उतार राजकारणाचा की हंगामाचा हे वेगळं काढता येत नाही.