भाचीसाठी समुद्राची गोधडी

समुद्राची गोधडी म्हटलं की बहुतेक जणी आधी मासे कापायला घेतात. माझं म्हणणं, आधी पाणी शिवा. पाणी जमलं की मासे त्यात आपोआप शोभतात.

चार वर्षांच्या भाचीसाठी मी ४० × ५० इंचांचं माप धरलंय. सगळं कापड सुती घ्या आणि कापण्याआधी धुऊन इस्त्री करा. आटायचं ते आधीच आटू दे. गडद निळा रंग सोडतो का, हेही तेव्हाच कळतं.

आता पाणी. वरती फिकट आकाशी, मग हिरवट निळा, मग निळा, तळाला जवळजवळ काळा. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या नकोत. काही ४ इंची, काही ७ इंची, म्हणजे पाणी हलतंय असं वाटतं. पाव इंचाची शिलाई धरली की प्रत्येक पट्टीतला अर्धा इंच आत जातो, तो हिशेबात घ्या. खऱ्या समुद्रात खोल जाताना लाल रंग सगळ्यात आधी दिसेनासा होतो, निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणून लाल खेकडा मी वरच्या उथळ पाण्यात, खडकावर बसवते. तळाच्या अंधारात पांढरट-पिवळे, चमकणारे मासे.

प्राण्यांचे आकार कागदावर काढून घ्या, आणि नीट काढा. मुलं बारकाईने बघतात. ऑक्टोपसला आठ हात हवेतच. माशाची शेपटी उभी असते, देवमाशाची आडवी. बाजूने चित्र काढताना देवमाशाची शेपटी थोडी वळवून दाखवली की ओळखू येतो. समुद्री कासवाचे पुढचे वल्ह्यांसारखे पाय मागच्यांपेक्षा लांब ठेवा. कापताना भोवती पाव इंच जास्त सोडा, तो आत दुमडून बारीक तुरपाई करा. ऑक्टोपसच्या हातांसारख्या अरुंद जागी दुमड बसत नाही, तिथे कडेने दाट काजटाका घाला.

डोळे भरतकामाचेच. लहान मुलांच्या गोधडीवर बटणं, मणी, टिकल्या अजिबात नकोत. तुटून तोंडात जातात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना गोधडी पांघरू नये, त्याच्यासाठी शिवलीत तर ती जागेपणी खेळायला अंथरा.

अस्तर चारही बाजूंनी २ इंच मोठं घ्या. अस्तर, सुती भरण, वरचा थर असे पसरून मधून कडेकडे कच्चे टाके घाला, उलट दिशेने गेलात तर मध्ये फुगा राहतो. मग धावदोऱ्याने लाटा काढा, दर ३ इंचांवर एक. प्राण्यांपाशी आलात की त्यांना वळसा घालून पुढे जा. वरच्या भागात लाटा उसळत्या ठेवा, खाली सपाट होऊ द्या. हे काम सावकाश करण्याचं आहे आणि मला सगळ्यात आवडतं तेही हेच.

कच्चे टाके उसवा, कडा सरळ कापा. गोटासाठी अडीच इंची पट्ट्या जोडून साधारण १९० इंच लांबी करा, दुहेरी दुमडून लावा. कोपऱ्यांवर टाके जवळजवळ घाला, मुलं गोधडी कोपऱ्याला धरूनच ओढतात.