कात्री लागायच्या आधी: नवं कार्पेट असं तपासा

कार्पेट घरी आलं की घरच्यांचं लक्ष रंगाकडे आणि फिटिंगवाल्याचं भिंतीच्या मापाकडे. मालात खोट आहे का, हे बघायला कुणाला सवडच नसते. डोळ्यांना दिसणाऱ्या खोटीची तक्रार दुकानदार आणि कंपनी कापण्याआधीच ऐकून घेतात. तुकडे पडल्यावर "मग लावलंत कशाला?" एवढंच उत्तर मिळतं. त्यामुळे फिटिंगवाला सकाळी दहाला येणार असेल, तर रोल आदल्या दिवशीच घरी येऊ द्या. एक रात्र खोलीच्या हवेत राहिला की गुंडाळून आलेला ताठरपणाही थोडा उतरतो.

बेळगाव, खानापूर, चंदगडच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये, असं माझं मत आहे. काढावंच लागलं तर टेम्पोवर ताडपत्री आहे ना ते बघा आणि रोलची दोन्ही टोकं चाचपा. पाणी शिरतं ते टोकांतून. पाठीला ज्यूट असेल तर ओल लागून ते आकसतं, वर पिवळट-तपकिरी डागही उमटतात. आपल्या हवेत पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याची पाठ बरी.

हाताशी मोजायची टेप, लांब सुतळी, पांढरं सुती फडकं, मास्किंग टेप, टॉर्च आणि मोबाईल असू द्या. आधी रोलवरचं लेबल वाचा. त्यावरचं डिझाइन, रंग, बॅच नंबर आणि पन्हा (रुंदी) बिलाशी जुळतात का बघा, लेबलचा फोटो काढून ठेवा. दोन रोल लागणार असतील तर दोन्हींची बॅच एकच हवी. एकाच रंगाच्या दोन बॅच दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळ्या वाटतात, घरात खिडकीजवळ शेजारी पडल्या की फरक उघडा पडतो. दुकानातच "अण्णा, बॅच नंबर बिलावर लिहून द्या की," म्हणायला लाजू नका.

मग रोल पूर्ण उलगडा. खोली पुरत नसेल तर गच्ची, पडवी, शेजाऱ्यांचा हॉल, जिथे जमेल तिथे. वरचा हातभर उलगडून "माल चांगला आहे" म्हणणं काही खरं नाही.

इथे कार्पेट कसं बनतं ते थोडं माहीत असलेलं बरं. वॉल-टू-वॉल म्हणून मिळणारं बहुतेक कार्पेट विणलेलं नसतं. ओळीने लावलेल्या शेकडो सुया एका कापडात धागा टोचत जातात, मग मागून लेटेक्स (रबरी चिकट द्रव) लावून दुसरं कापड चिकटवतात. एखाद्या सुईचा धागा तुटला की तेवढी ओळ रिकामी जाते, आणि ती नेहमी रोलच्या लांबीच्या दिशेने जाते. कारखान्यात ती मागाहून भरतात, पण भरलेली ओळ कधी उंच राहते, कधी बसकी. त्यामुळे नजर लांबीच्या दिशेने फिरवा. एका टोकाला उकिडवं बसून, खिडकीचा उजेड तिरपा येईल असं बघा. उजेड कमी असेल तर टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. उंच ओळीची बारीक सावली पडते. रिकामी ओळ हाताला लागते: बोटं रुंदीच्या दिशेने हळू ओढली की एका जागी ती खाली उतरतात. तिथे कार्पेट उलट्या बाजूने वाकवून लव (वरचे उभे धागे) उघडी करा, म्हणजे आतलं कापड दिसेल. बेळगावच्या शहापूर-वडगावात माग चालवलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना चहाला बोलवा. त्यांच्या बोटांना जे कळतं ते आपल्या डोळ्यांना कळत नाही.

सापडलेल्या प्रत्येक जागी मास्किंग टेप लावा. एक फोटो जवळून घ्या, एक टेपमापासकट.

रंगासाठी एक सोपी युक्ती आहे. रोलची डावी आणि उजवी किनार एकमेकांना लावून बघा, लव एकाच दिशेला पडलेली ठेवून. मोठ्या खोलीत जोड इथेच येतो. एक किनार गडद, एक फिकी असेल तर कितीही हुशार कारागीर आणा, जोड दिसणारच. नक्षी असेल तर एका किनारीपासून दुसरीपर्यंत काटकोनात सुतळी ताणा. नक्षीची ओळ सुतळीपासून मध्येच फुगत किंवा एका बाजूला सरकत असेल, तर भिंतीलगत ती वाकडी दिसेल. पन्हा तीन ठिकाणी मोजा.

पाठ बघायला विसरू नका. कोपरा धरून दोन थर नखाने सुटतात का, मध्ये कुठे फुगे आहेत का, बघा. वाकवल्यावर पांढरी पूड गळत असेल तर लेटेक्सची पकड कच्ची आहे, असला माल घेऊ नका. पांढरं फडकं ओलं करून लवेवर जोरात घासा. रंग उतरला तर तो पुढे पायमोज्यांनाही लागणार.

काही गोष्टींवरून मात्र भांडू नका. गुंडाळल्यामुळे पडलेले आडवे पट्टे बहुतेक वेळा वाफ आणि व्हॅक्यूमने जातात. लोकरीच्या कार्पेटचा बारीक भुसा पहिले काही आठवडे निघतोच. एखादा धागा वर आला असेल तर ओढू नका, लवेच्या उंचीवर कापा. लव वेगवेगळ्या दिशेला पडून सावल्या दिसतात, हात फिरवला की बदलतात. तीही खोट धरत नाहीत. लेटेक्सचा वास खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत कमी होतो.

खोट खरीच निघाली तर त्याच दिवशी दुकानदाराला फोटो पाठवा आणि लेखी उत्तर मागा. निपाणी, चिकोडीकडचे कितीतरी लोक खरेदी कोल्हापुरात करतात आणि तक्रारीसाठी राज्य ओलांडावं लागेल म्हणून गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. खरेदी महाराष्ट्रात झाली तरी बेळगावात अर्ज चालतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून बघा. बिलावर तुमचं नाव-पत्ता आणि मालाचं पूर्ण वर्णन असू द्या. "कार्पेट १ नग" एवढंच लिहिलेल्या बिलावरून बॅच सिद्ध करता येत नाही.

सगळं ठीक निघालं तर फिटिंगवाल्याला दोन गोष्टी बजावा: सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, आणि जोड दाराच्या मधोमध नको. उरलेला मोठा तुकडा त्याला नेऊ देऊ नका. लेबलासकट कपाटावर टाका, पुढे कधी इस्त्री पडून जळलं तर ठिगळ त्यातूनच निघेल.