लहानपणची भुताची मालिका पुन्हा बघायची तर

मालिका शोधायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि आठवतंय ते सगळं लिहून काढा. यूट्यूब अजून उघडायचं नाही. खरा भाग एकदा डोळ्यांसमोरून गेला की मनातलं जुनं चित्र त्यात मिसळून जातं आणि मग आपलं कुठलं आणि मालिकेतलं कुठलं हे सांगता येत नाही. इतकी वर्षं टिकलेली भीती आहे, तिची नोंद तरी असू द्या.

काय दिसलं ते सगळेच लिहितात. तुम्ही बाकीचंही लिहा. ऐकू काय येत होतं, तुम्ही कुठे बसला होता, शेजारी कोण होतं, दिवा चालू होता का, मध्येच कोणी टीव्ही बंद केला का. भावंडं असतील तर त्यांनाही लिहायला सांगा, पण आधी आपसात बोलू नका. आमच्या ताईला आणि मला एकाच भागाची भीती होती. माझ्या कागदावर जिना आणि पांढरी साडी, तिच्या कागदावर विहीर. तो भाग मिळाला तेव्हा त्यात जिनाही नव्हता आणि विहीरही नव्हती. एक हलणारा दिवा होता आणि एका बाईचा घाबरलेला चेहरा होता, बास. ताई अजून म्हणते की भाग कापलाय.

आता ओळख पटवायची. ‘सोनीवर यायचं ते’ एवढ्यावर शोधायला गेलात तर तासभर भलतंच बघत बसाल. आधी चॅनल आणि साल ठरवा. घरात फक्त दूरदर्शन असतानाची आठवण असेल तर बहुतेक ‘विक्रम और वेताल’. १९८५ साली रामानंद सागरांनी केलेली, रविवारी लागायची, अरुण गोविल विक्रम आणि सज्जन नावाचे नट वेताळ. केबल आल्यानंतरची असेल तर दोन नावं. ‘झी हॉरर शो’ १९९३ मध्ये सुरू झाला, रामसे बंधूंचा. त्यांची एकेक गोष्ट काही आठवडे चालायची, त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यापर्यंत झोप नाही’ अशी आठवण असेल तर तो. ‘आहट’ सोनीवर १९९५ मध्ये आली, बी. पी. सिंग यांची. पुढे ‘सीआयडी’ करणारे हेच ते. ‘आहट’च्या सुरुवातीच्या काळात कितीतरी गोष्टींत भूत नसतंच, खून असतो आणि माणूसच करतो. ‘मला भूत आठवतंय आणि यात तर नाहीच’ म्हणून गोंधळू नका.

‘आहट’ शोधताना सालाकडे लक्ष ठेवा. याच नावाने मालिका पुन्हा पुन्हा आली, अगदी २०१५ पर्यंत. नंतरच्या पर्वांत संगणकावर केलेली भुतं आहेत. तुमची भीती नव्वदच्या दशकातली असेल तर त्यांचा काही उपयोग नाही. वयाने लहान असाल तर तुमची मालिका ‘रात्रीस खेळ चाले’ असेल, २०१६ ची, झी मराठीवरची, नाईकांच्या वाड्यातली. तिचं दुसरं पर्व २०१९ मध्ये आलं आणि ते पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगतं, म्हणून अण्णा आणि शेवंता आठवत असतील तर शोध दुसऱ्या पर्वात घ्यायचा.

सापडली? मग लगेच मोठ्या टीव्हीवर लावू नका. जुन्या मालिका चार बाय तीनच्या चौकटीसाठी काढलेल्या आहेत. अपलोड करणाऱ्याने ती चौकट ताणून सोळा बाय नऊ केलेली असते, त्यामुळे भूत जाडजूड दिसतं आणि वाडा बसका. भीती तिथेच संपते. बाजूला काळ्या पट्ट्या असलेली प्रत शोधा. तीच बरोबर. फाइल हातात असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ए’ दाबून चौकटीचं प्रमाण बदलता येतं, आणि हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत असतील तर ‘डी’ दाबायचं. जुना टीव्ही एका चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या दाखवायचा, सेकंदाला पन्नास वेळा. नव्या पडद्यावर त्या एकत्र आल्या की असा पिंजलेला किनारा दिसतो. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय असतो, तो बंद करा. उजेडही कमी करा. आपल्या जुन्या टीव्हीवर रात्र म्हणजे नुसता काळोख असायचा, आता तीच रात्र निळसर राखाडी दिसते आणि कोपऱ्यात दिव्याचा स्टँड उभा असल्याचंही कळतं.

चित्राचं एवढं पुरे. खरा खेळ आवाजाचा आहे, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझं पोट त्यावरच चालतं. मी मालिकांसाठी साउंड एडिटिंग करते.

कुठलाही भीतीचा प्रसंग निवडा, दोनेक मिनिटांचा. आधी आवाज पूर्ण बंद करून बघा. एक बाई लांब बोळातून चालतेय. थांबते. मागे बघते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर झपकन जवळ जातो. मग दार. मग परत चेहरा. मग परत दार, तेच दार, तोच शॉट, फक्त उलटा फिरवलेला. पडदा हलतोय, आणि नीट बघितलंत तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातूनच वारा येतोय हे कळेल, म्हणजे तिथे टेबलफॅन ठेवलाय. घाबरण्यासारखं यात एकही चित्र नाही.

आता चित्राकडे पाठ करून तोच प्रसंग ऐका. पावलं. बोळात जेवढी माणसं आहेत त्यांपेक्षा पावलं थोडी जास्त ऐकू येतात. बाई थांबते, पावलं एक जास्त पडून थांबतात. लहानपणी हे कुणी मोजलं नव्हतं, पण कानाने टिपलं होतं. मागे वाऱ्याची शीळ आहे, ती खिडकी बंद असली तरी चालूच. लांब कुत्रं. मग सगळं एकदम काढून घेतलेलं असतं. वारा नाही, कुत्रं नाही, संगीत नाही. ही जागा म्हणजे आमचं हत्यार. शांततेत तुम्ही न कळत कान टवकारता, आणि नेमका तेव्हाच धाडकन आवाज टाकतात. अचानक मोठा आवाज आला की पापणी मिटते, मान आखडते, खांदे वर जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती विचार करून थांबवता येत नाही. आज चाळिशीतही येते. मांजर निघालं तरी येते.

चेहरे इतके का दाखवायचे, त्याचं कारण साधं आहे. भुताच्या मेकअपला वेळ लागतो आणि दैनंदिन किंवा साप्ताहिक मालिकेला वेळ नसतो. घाबरलेला चेहरा स्वस्तात मिळतो. आणि लहान मूल पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवतं की घाबरायचं की नाही. म्हणून आम्हा बहिणींनी जिना आणि विहीर आपापल्या घरून आणली. भूत रिकामं होतं, ते आम्ही भरलं.

हेडफोन लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या टीव्हीला बहुतेकदा एकच स्पीकर होता आणि आवाज खोलीत फिरून, भिंतीला लागून कानावर यायचा. फोन टेबलावर पालथा ठेवून त्याच्या स्पीकरवर ऐकलं तरी हेडफोनपेक्षा जवळचं वाटेल. शीर्षकसंगीत मात्र अजिबात पुढे ढकलू नका. कित्येकांच्या आठवणीत मालिका नसतेच, फक्त शीर्षक असतं. वडील बघायचे, मुलांना आत झोपायला पाठवायचे, आणि भिंतीतून ते संगीत यायचं. अशा लोकांनी भाग बघितला की ते निराश होतात. त्यांनी शीर्षक ऐकावं, शेजारच्या खोलीतून, दार लोटून. मजेत सांगत नाहीये, करून बघा.

हसू येणारच. पहिली काही मिनिटं तर नकली दाढी आणि कवटीच दिसते. येऊ द्या. फक्त सोबतीला तो एक मावसभाऊ नको, जो प्रत्येक वाक्यावर टोमणा मारतो. त्याच्यासोबत बघाल तर त्याची चेष्टा आठवेल, मालिका नाही. आणि सलग भाग लावू नका. यातल्या जुन्या मालिका आठवड्यातून एकदा यायच्या आणि मधले सहा दिवस तुम्हीच पुढचं रचत होता. रात्री, एक भाग, आठवड्यातून एकदा. चार भाग एका बैठकीत पाहिले की साचा उघडा पडतो आणि मग नुसता कंटाळा.

मोठेपणी भीती जागा बदलते, हे मात्र बघण्यासारखं आहे. लहानपणी मी भुताकडे बघत होते, आता गोष्टीतल्या सुनेकडे बघते. ती सांगत असते, घरात काहीतरी आहे, आणि सगळं घर म्हणतं तिलाच काहीतरी झालंय. नवरा डॉक्टर आणतो. त्या काळच्या निम्म्या गोष्टींत भूत म्हणजे अन्याय होऊन मेलेली बाई असते आणि अन्याय करणारा वाड्याचा मालक. मग येतो मांत्रिक, आणि तोच सोडवतो. इथे मला बसवत नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. हे माहीत असताना मांत्रिकाला टाळ्या मिळतात ते दृश्य पूर्वीसारखं बघता येत नाही. त्या मानाने वेताळ बरा. तो निदान प्रश्न विचारतो, राजाला विचार करायला लावतो आणि बरोबर उत्तर मिळालं की झाडावर परत जातो. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही तो असाच वादपटू आहे. कुठून सुरू करायचं हे ठरत नसेल तर मी वेताळापासून करायला सांगेन.

मुलांना सोबत बसवायचं का, हा प्रश्न येतोच. सात-आठ वर्षांखालचं मूल दिसण्याला घाबरतं. विद्रूप चेहरा पुरतो, मग तो चांगला आहे असं कितीही सांगा. त्याहून मोठं मूल ‘हे घडू शकेल का’ याला घाबरतं. त्यामुळे लहानग्याला ‘अरे, खोटं असतं ते’ म्हणून काही फरक पडत नाही. त्याला मांडीवर घ्या, दिवा लावा, चॅनल बदला. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र वर सांगितलेला आवाज बंद करण्याचा प्रयोग दाखवा. टेबलफॅन शोधायला लावा. माझ्या भाचीने तो माझ्याआधी शोधला आणि मग पुढच्या प्रत्येक प्रसंगात ती भूत सोडून फॅनच शोधत बसली. तिच्यासोबत पुढचे भाग बघणं अशक्य झालं, ती आणि मावसभाऊ एकाच यादीत.