रक्तदाब कुणी मोजला का? तपासणीतल्या या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात एप्रिल उजाडला की जाड फायली घेतलेली माणसे येऊ लागतात. आयकराच्या जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, त्यामुळे मार्च संपता संपता सोसायटीच्या सूचनाफलकावरचे एखादे पॅकेज उरकले जाते आणि मग अहवालातल्या एका ठळक आकड्याने घाबरलेली मंडळी माझ्यासमोर येऊन बसतात.

जितक्या चाचण्या जास्त तितकी तपासणी चांगली, हा समज मला सर्वांत जास्त छळतो. संदर्भमर्यादा, म्हणजे अहवालात आकड्याशेजारी छापलेली नॉर्मलची मर्यादा, सहसा अशी ठरवतात की ९५ टक्के निरोगी लोक तिच्या आत येतात, म्हणजेच ५ टक्के लोक ठणठणीत असूनही तिच्या बाहेर राहतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या छत्तिशीतल्या एका तरुणाच्या पॅकेजमध्ये सीए १९-९ हा ट्यूमर मार्कर, म्हणजे काही कर्करोगांत रक्तात वाढणारा घटक, होता. ही चाचणी लक्षणे नसलेल्या माणसासाठी नाहीच. ती किंचित वाढलेली निघाली आणि पुढचे तीन आठवडे सोनोग्राफी, सीटी स्कॅन व रात्रीची जागरणे यांत गेले. निघाले काहीच नाही. त्यानंतर मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, तर रक्तदाब १५४/९८ भरला आणि पुढच्या दोन भेटींतही तो तसाच राहिला. "डॉक्टर, एवढ्या तपासण्यांत हे कसं नाही आलं?" असे त्याच्या आईने विचारले. चाळीस पानांच्या त्या फायलीत रक्तदाबाची नोंदच नव्हती, कारण घरी येऊन रक्ताच्या नळ्या भरून नेणाऱ्या मुलाचे ते कामच नव्हते.

रक्तदाब मोजण्यातही घाई नडते. जिना चढून आलेला माणूस चप्पल काढता काढता हात पुढे करतो. मी त्याला आधी पाच मिनिटे बाकावर पाठ टेकून बसवतो, मोबाईल पिशवीत ठेवायला लावतो, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली का ते विचारतो आणि मोजताना बोलू देत नाही. काहींना याचा राग येतो, येऊ द्या.

चाळिशीच्या आत रक्तदाब नॉर्मल असेल तर तो तीन ते पाच वर्षांनी मोजला तरी चालतो असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, मी मात्र दरवर्षी मोजतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत. साखर पस्तिशीपासून दर ३ वर्षांनी पाहावी. आईवडिलांना मधुमेह असेल किंवा कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर त्याआधीच. कोलेस्टेरॉल चार ते सहा वर्षांनी पुरते. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी दर ५ वर्षांनी करण्याची राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे, पण ती महागड्या पॅकेजांत क्वचितच दिसते.

उपाशीपोटी म्हणजे पाणीही बंद असे नव्हे. एचबीए१सीच्या आधी चार दिवस गोड सोडून काही साधत नाही, ती चाचणी रक्तातील साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर थायरॉइडच्या चाचणीपूर्वी सांगा, त्याने आकडा चुकू शकतो.

आणि जुने अहवाल फेकू नका. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन गेल्या खेपेला ०.८ आणि या खेपेला १.२ असेल, तर दोन्हींपुढे 'नॉर्मल' असेच छापलेले असते. मधली वाढ दोन कागद शेजारी ठेवल्यावरच दिसते, आणि जुना कागद मागितला की बहुतेकदा तो रद्दीत गेल्याचे कळते.