शेतातून गॅस-तेलाची पाइपलाइन गेली आहे? या चुका टाळा

27 जून 2014 च्या पहाटे आंध्रातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम गाव पेटलं. गेल या सरकारी गॅस कंपनीच्या पाइपलाइनमधून सुटलेला गॅस घराघरांवर पसरला होता. वीसहून जास्त माणसं गेली. कोरड्या गॅससाठी टाकलेल्या पाइपातून ओलसर गॅस वाहत होता, त्यामुळे आतून गंज चढला होता. गळती होते हे गावकऱ्यांना आधीपासून माहीत होतं. मुंबई-मनमाड किंवा दाभोळ-बंगळुरू लाइनच्या कडेला राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

सगळ्यात जास्त घडणारी चूक शेततळ्याची. कृषी खात्याची मंजुरी मिळाली, आता खोदायला हरकत नाही, असं अनेकांना वाटतं. 1962 च्या पाइपलाइन कायद्यानुसार जमीन तुमचीच राहते, पण पाइपलाइनवरच्या पट्ट्याचा वापरहक्क सरकारने घेतलेला असतो. तिथे घर, विहीर, तळं करता येत नाही, झाडंही लावता येत नाहीत. शेततळ्याच्या मंजुरीने ही बंदी उठत नाही. पट्टा किती रुंद आहे ते अधिसूचनेत पाहा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. लाइन नव्याने येत असेल तर हरकतीला अधिसूचनेपासून 21 दिवसच मिळतात. भरपाई मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

दुसरी चूक मला जास्त घातक वाटते. जेसीबीचा दात पाइपाला घासतो, गॅस सुटत नाही, मग चालक घाईने माती लोटून मोकळा होतो. पाइपावर गंजरोधक आवरण असतं, शिवाय गंज रोखायला बारीक वीजप्रवाह सोडलेला असतो. आवरण खरचटलं की तिथून गंज धरायला लागतो आणि फुटायचं ते कित्येक वर्षांनी फुटतं. घासलं तर खड्डा उघडा ठेवा, काम थांबवा, लाइनलगतच्या खांबावर लिहिलेल्या कंपनीच्या नंबरवर लगेच कळवा. कंपनीचा माणूस आवरण दुरुस्त करून जातो, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. हे खांब ट्रॅक्टरने पाडू नका. त्यातले काही हा वीजप्रवाह मोजण्यासाठीच असतात.

वास आला तरच गळती, हाही गैरसमज. आपल्या ओळखीचा तो उग्र वास शहरात वितरणाआधी मिसळतात. लांब पल्ल्याच्या लाइनमध्ये बहुधा तो नसतो. फुसफुस आवाज, उडणारी धूळ, साचलेल्या पाण्यात बुडबुडे, एकाच पट्ट्यात पिवळं पडलेलं पीक या खुणा बघा. अशा वेळी मोटर चालू करू नका, गाडीही नाही. वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जा आणि मगच खांबावरच्या नंबरवर फोन करा. 1906 हा नंबर सिलिंडरच्या गळतीसाठी आहे.

तक्रार फक्त ग्रामपंचायतीत देऊन थांबू नका. गॅस-तेलाच्या लाइनचे सुरक्षा-मानक पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, म्हणजे पीएनजीआरबी, ठरवतं. तपासणीत तेल उद्योग सुरक्षा संचालनालय असतं. नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्र सरकारची संस्था स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांचे परवाने पाहते. कंपनीला लेखी तक्रार द्या, प्रत मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. कंपनीच्या कुंपणाबाहेर घडणाऱ्या आपत्तीचा आराखडा जिल्हा प्रशासनाकडे असतो. तारीख, गट नंबर, खांबाचा क्रमांक आणि फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.