पिकअप, पोस्ट-ड्युटी आणि गावाकडचा रस्ता

नव्या रेसिडेंट डॉक्टरांनो, रात्रभराची ड्युटी उतरल्या उतरल्या स्वतः गाडी चालवत गावाकडं निघू नका. बाकीचं खाली लिहिलंय, पण वॉर्डातून हाक आली असेल तर एवढं वाचून फोन खिशात टाकला तरी चालेल.

मी मेडिसिनची जेआर-३, म्हणजे तिसऱ्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट, मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजात. गाव अहमदपूर तालुक्यात. हॉस्टेलमागच्या लिंबाखाली जी पिवळ्या नंबरची बोलेरो पिकअप उभी असते ती माझी. म्हणजे अण्णांची. सोयाबीन मोंढ्यावर न्यायला त्यांनी घेतली होती. मणक्यानं त्यांचं स्टिअरिंग सोडवलं, भाऊ पुण्यात, आणि गाडी विकायचं नाव निघालं तेव्हा मी म्हटलं, मी नेते. चालवायला मी तिच्यावरच शिकले. थर्ड टाकताना मनगट किंचित आत ओढावं लागतं, नाहीतर ती कुरकुरते. डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. फाळका लावताना उजव्या बाजूला गुडघ्याचा ठोसा दिला की कडी बसते, हे आमच्या घरात तिघांनाच ठाऊक आहे. असल्या गाडीवर माया जडते, त्याला इलाज नाही. पहिल्या दिवशी वॉचमन मामांनी मला ‘भाजीपाला मेसच्या मागच्या दारानं’ असं सांगितलं होतं.

मालवाहू गाडी असल्यानं लायसन्सचं लोक घाबरवतात, ते आधी संपवते. साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळा शेरा लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय. पिकअप त्यात आरामात बसते.

आता मुद्द्याचं. रात्रभराच्या ड्युटीनंतरच्या दिवसाला आपल्याकडं रोस्टरवर ‘पोस्ट’ लिहिलेलं असतं आणि ते आपण घरी सुट्टी म्हणून सांगतो. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी सहाला उठायचं, दिवसभर वॉर्ड, रात्रभर कॅज्युअल्टी, पहाटे सॅम्पल, सकाळी सरांचा राऊंड, मग राऊंडमधली कामं, डिस्चार्ज कार्डं, रेडिओलॉजीच्या हातापाया पडून घेतलेली सोनोग्राफीची तारीख. मोकळं व्हायला दुपारचे तीन. मग डोक्यात हिशोब सुरू होतो: आता निघाले तर सहाला घरी, आईच्या हातची भाकरी, रात्री झोप, पहाटे पाचला परत. कागदावर हा हिशोब बरोबर येतो. चुकतो तो एवढ्याचसाठी की गाडी चालवणारं माणूस तेहतीस तास जागं आहे.

तेहतीस तास म्हणजे काय ते आपल्याच भाषेत सांगते. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाचा प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा मंदावतो, चोवीस तासांनी ०.१० टक्के असल्यासारखा. आपल्या कायद्यात गाडी चालवताना मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. म्हणजे पोलिसाच्या नळीत फुंकलं तर शून्य येईल आणि तुम्ही मर्यादेच्या तिप्पट पुढं असाल. त्यात वेळ दुपारची. शरीराच्या घड्याळात झोपेची ओढ पहाटे सगळ्यात जास्त, आणि दुसरी लाट दुपारी दोन ते चारच्या सुमारास. नेमके त्याच लाटेत आपण चावी फिरवतो. २००५ साली अमेरिकेत २,७३७ इंटर्नचा अभ्यास छापून आला. लांबलचक ड्युटीनंतर घरी जाताना अपघात होण्याची शक्यता साध्या ड्युटीच्या मानानं २.३ पट निघाली. तिकडचे रस्ते तिकडचे. आपल्याकडं गळीत हंगामात अंधार पडला की उसाच्या डबल ट्रॉल्या मागं लाल दिवा नसताना रस्त्याच्या मधून चाललेल्या असतात.

डुलकी येते म्हणजे डोळे जड होतात, जांभया येतात, आपल्याला आधी कळतं, असं सगळ्यांना वाटतं. तसं होतंच असं नाही. मायक्रोस्लीप दोन-चार सेकंदांची असते आणि डोळे उघडेही असू शकतात. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते, आता गुणाकार तुम्ही करा. मला डुलकी लागल्याचं कळलं ते आवाजानं. डावी चाकं साईडपट्टीवर उतरली, मुरूम खालून पत्र्यावर ताडताड वाजला, आणि समोर अहमदपूरची पाटी. त्याआधीचा ढाबा, पूल, वळण यातलं काहीच आठवत नव्हतं. गाडी बाजूला घेतली तेव्हा पाय क्लचवर थरथरत होता. मागं हौद्यात रिकामे बारदाने होते, माणूस कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

गाडी नसलेला रेसिडेंट या फासात सापडत नाही, हे लक्षात घ्या. तो लालपरीत बसतो, कंडक्टरला ‘अहमदपूर आलं की उठवा’ सांगतो आणि खिडकीला डोकं टेकवून घोरतो. आपल्याकडं गाडी आहे म्हणून घर कधीही जवळ वाटतं, आणि ‘येऊ लागलीस का गं?’ या प्रश्नाला नाही म्हणायला तोंड होत नाही. गाडीनं माझं स्वातंत्र्य वाढवलं हे खरं, पण घरच्यांच्या अपेक्षाही वाढवल्या.

काय चालत नाही तेही सांगते: काच उघडी ठेवणं, मोठ्यानं गाणी, तोंडावर पाणी, शेंगदाणे, आईला फोन लावून बोलत राहणं. कॉफीला अंगात भिनायला अर्धा तास लागतो. वाटेत झोप जाणवलीच तर पेट्रोल पंपावर गाडी लावा, कॉफी प्या, वीस मिनिटांचा गजर लावून झोपा, उठल्यावर डोकं पूर्ण साफ होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. पण हा उपाय जवळच्या सुरक्षित ठिकाणी पोचण्यापुरता आहे, गावापर्यंतचा सगळा रस्ता कापायला नाही. माझा नियम आता एकच आहे: आदली रात्र झोपून काढली असेल तरच पिकअप, नाहीतर एसटी. घरी मी ‘पोस्ट’ हा शब्दच उच्चारत नाही, ‘कामावर आहे’ एवढंच सांगते. आई सुरुवातीला रुसली. मग तीच डबा घेऊन यायला लागली, आणि आता हॉस्टेलच्या मावश्या माझ्यापेक्षा तिलाच जास्त ओळखतात.

सुट्ट्यांबद्दल सिनियर काहीही सांगतात, म्हणून नियम स्वतः वाचा. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला २० दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे आणि कामाच्या निकडीनुसार आठवड्याला एक सुट्टी. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत तर सलग ड्युटी सहसा बारा तासांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. हे वाचून हसू येईल, ठीक आहे, हसा. पण रजेचा अर्ज कागदावर, तारखेसह, आधी द्या. तोंडी रजा ही रजा नसते.

मेडिसिनवाल्यांनी आणखी एक धरून चाला. सोयाबीनची काढणी आणि डेंग्यूचे ताप एकाच वेळी येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गावाकडं मळणी यंत्राला नंबर लागलेला असतो, कट्टे भरून मोंढ्यावर न्यायचे असतात, आणि इकडं एकेका बेडवर दोन-दोन पेशंट. त्या दिवसांत रजा मागूच नका, मिळत नाही आणि मिळाली तर युनिटमधली पोरं वर्षभर बोलून दाखवतात. मी पहिल्याच वर्षी भाऊबंदातल्या एकाला हंगामापुरती गाडी दिली, डिझेल त्याचं आणि आमच्या मालाचं भाडं माफ. घरातलं काम अडलं नाही आणि गाडीही उभी राहून गंजली नाही.

‘आमच्या काळी आम्ही तीन-तीन दिवस झोपत नव्हतो’ असं सांगणारे एक सर सगळ्यांना भेटतात. त्यांच्याकडून ईसीजी शिका. घरसंसार कसा करायचा ते मात्र कुणा लेक्चरर मॅडमना विचारा, ज्यांना मूलबाळ आहे आणि ज्या राऊंड वेळेत संपवतात. आणि तयार थिसिस विकत देणाऱ्यांचे नंबर हॉस्टेलमध्ये फिरतात, त्या वाटेला जाऊ नका. तोंडी परीक्षेत स्वतःच्याच टेबलाचा अर्थ सांगता आला नाही की जो घाम फुटतो तो मी शेजारून पाहिलाय.

माझं लग्न जेआर-२ मध्ये झालं. नवरा परभणीला नोकरीला आहे. रेल्वेनं तो येतो, मी जाते ते ठरलेल्या सुट्टीलाच. भांडणं होतात, फोनवरच मिटतात, कारण दोघांनाही उशीर झालेला असतो. पहिलं वर्ष संसाराला वाईटच जातं, लपवून काय उपयोग. पण दुसऱ्या वर्षी नवीन जेआर-१ येतात, सॅम्पलची धावपळ त्यांच्याकडं जाते आणि तुम्हाला संध्याकाळ म्हणजे काय ते पुन्हा आठवतं. तोवर तग धरा. रडू आलं तर लिनन रूमची कडी आतून लागते.

गाडीविषयी थोडकं. हॉस्टेलातली पोरं शिफ्टिंगला, लग्नाला, विसर्जनाला पिकअप मागतात. सामान न्या, पण हौद्यात माणसं बसवू नका, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांना काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. रिकाम्या पिकअपचे पाटे कडक असतात, मागचा भाग हलका राहतो आणि पावसात ब्रेक मारला की शेपूट फिरते, म्हणून मागं वाळूची दोन पोती कायम ठेवा. बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी बसते, नुसती चालू करून ठेवू नका, एक चक्कर मारा. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी करावं लागतं. माझ्या गाडीचं आता दर वर्षीचं आहे. त्या दिवशी अण्णा स्वतः गावाहून येतात, आरटीओच्या रांगेत उभं राहताना त्यांचा मणका अजिबात दुखत नाही.